यादीत नसलेला डबा

हॉस्पिटलच्या नेटवर्क विभागात तिला सगळे चिंतामाई म्हणत, आणि थोरल्या भावानेही तेच नाव उचललं होतं. तिचं कामच तसं होतं. हॉस्पिटलला बाहेरच्या जगाशी जोडणारी यंत्रं ज्या कंपनीची, ती आपल्या मालाच्या सुरक्षेत सापडलेल्या भोकांची यादी अधूनमधून काढायची. आपलं यंत्र त्यात आहे का, हे चिंतामाईने बघायचं. त्यातलंच एक यंत्र, तळघरातला जुना डबा, कधीच यादीत नसायचा. "शहाणं बाळ माझं," म्हणून ती पुढे सरकायची.

या वेळचं भोक मोठं होतं. पासवर्डशिवाय कुणीही परका आत शिरेल असं. डबा याही यादीत नव्हता, तरी विषाची परीक्षा नको म्हणून तिने कंपनीला फोन लावला.

"ते मॉडेल आम्ही केव्हाच बंद केलंय," पलीकडचा माणूस म्हणाला. "बंद केलेली मॉडेलं आम्ही तपासतच नाही. मग यादीत येणार कशी?"

"म्हणजे भोक असूही शकतं?"

"असेलही. नवीन घ्या, एवढंच सांगतो."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. शहाणं म्हणून मिरवलेलं बाळ बेवारशी निघालं होतं. ती साहेबांकडे धावली. त्यांनी नवीन यंत्र मागवलं, पण ते यायला महिना लागणार होता. तोवर जुना डबा बंद करू या, असं ती म्हणाली.

"अगं, ऑपरेशन चालू असताना गाठीचा तुकडा तपासणारे डॉक्टर दुसऱ्या गावात बसतात," साहेब म्हणाले. "त्यांना तो दिसतो याच डब्यातून. उद्या तुझ्याच दादाचं ऑपरेशन आहे ना?"

होतंच. पोटातली गाठ वाढत चालली होती, थांबायची सोय नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर. वॉर्डात जाऊन तिने दादाला अडखळत सगळं सांगितलं. तो हसला. "चिंतामाई, तू आहेस ना राखणीला? मग मी खुशाल झोपतो."

तिला रडूच आलं. राखण करायची तर हातात निदान काठी तरी हवी.

दुसऱ्या दिवशी दादाला आत नेलं आणि ती डब्यासमोर जाऊन बसली. गाठीचा तुकडा काढल्याचा निरोप आला, त्याचं चित्र पलीकडे गेलं. तेवढ्यात समोरच्या पडद्यावर, डब्यातून आत आलेल्यांच्या नावांत एक नाव वाढलं. ते हॉस्पिटलातल्या कुणाचंच नव्हतं.

तिने डब्याची तार मुठीत धरली. ओढली की परका बाहेर, आणि डॉक्टरांसमोरचं चित्रही बंद. पण वर दादा उघड्या पोटाने टेबलावर, आणि गाठ कसली, या उत्तराची सर्जन वाट बघत. दुसऱ्या हाताने तिने ऑपरेशन थिएटरला फोन लावला.

"डॉक्टरांचं उत्तर आलं?"

"अजून नाही," नर्स म्हणाली.

परका आता लहान मुलांच्या वॉर्डातली, सलाइन सोडणारी यंत्रं एकेक करून उघडत होता.

"आलं का हो?"

"थांबा जरा."

ती थांबली. तार मुठीतच होती.