न वापरलेली ओळ

मला पसारा सहन होत नाही. कालव्यावरचा उघडता पूल मी लांबून, संगणकावरून चालवते. माझ्या आधी हे काम करणाऱ्या होइटेंनी निवृत्त होताना सोपवलेल्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाच्या आज्ञांच्या यादीत, एक ओळ होती: पुलाच्या जुन्या प्रणालीकडून 'पकड', म्हणजे पुलाचा ताबा, मागायची नि ती एका नावाखाली साठवून ठेवायची. ते नाव पुढे कुठेच वापरलेलं नव्हतं. वर टीप, "ही ओळ काढू नये. होइटे." म्हटलं, म्हाताऱ्याचा हट्ट! सोमवारी दोन्ही उडवल्या.

मंगळवारी दुपारी होइटेंचाच फोन आला. ते नि त्यांची बायको बाउक्या शिडाच्या नावेतून पुलाशी आले होते.

"रिन्स्के, उघड गं."

मी आज्ञा दिली. पूल उभा राहिला, नाव आत शिरली, आणि पूल खाली यायला लागला.

"अगं, काय करतेस!"

"मी काहीच केलं नाही!"

खाली नाव असली की पूल थांबवणारे सेन्सर दुरुस्तीला काढलेले, आणि थांबवायचं लाल बटण पुलावरच, माझ्यापासून बारा किलोमीटर लांब. मी पुन्हा 'वर' दिलं. पूल जरा वर गेला नि परत खाली निघाला. कॅमेऱ्यात बाउक्या डोलकाठीखाली उभ्या दिसत होत्या, हात डोक्यावर. मागे वाळू वाहणारी मोठी नाव अगदी चिकटलेली, त्यामुळे त्यांना मागे जाता येईना.

होइटेंनी विचारलं, "माझी ओळ कुठाय?"

"काढली."

"शहाणी! ऐक आता. पकड कुणाकडे तरी आहे तोवरच प्रणाली पूल वर ठेवते. त्या नावाखाली साठवली नाहीस, तर स्क्रिप्ट ती लगेच टाकून देते. मग प्रणालीला वाटतं, काम झालं, नि ती पूल खाली घेते. आधी पकड घे, मग वर!"

ती ओळ टंकताना पहिल्यांदा कंस विसरले. चुकीच्या संदेशाने पडदा लाल झाला. फोनवर बाउक्यांची किंकाळी ऐकू आली. दुसऱ्यांदा टंकलं, एकेक अक्षर बघून. मग 'वर'.

पूल थांबला. डोलकाठीच्या टोकापासून हातभर अंतरावर. मग सावकाश चढला, आणि तिथेच राहिला.

नाव बाहेर पडली. वाळूवालाही गेला. मी मात्र पडद्यावरची स्क्रिप्टची खिडकी बंद केली नाही; ती बंद झाली की पकड सुटणार. माउसला हातही लावला नाही.

"गेलो गं आम्ही," होइटे म्हणाले. "आता सोड."

"बाउक्या बऱ्या आहेत?"

"रडतेय. टीप वाचली नव्हतीस का?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"वाचली होती," मी म्हणाले.

मग त्यांची टीप होती तशी परत टंकली, आणि पकड सोडली.