हजारात सात

जगातलं काहीही विमलताई समजावून सांगू शकतात, असं नेरजवळच्या त्या गावात एकाच बाईला वाटायचं. ती बाई म्हणजे विमलताई. चौथीनंतरचं सगळं शिक्षण त्यांनी महिला मंडळाच्या पेपरातून घेतलेलं. पेपर यष्टीनं एक दिवस शिळा यायचा, पण विमलताईंचा आवाज ताजा असायचा.

आता तोच पेपर बंद करून त्या पैशात सतरंजी घ्यावी, असं तानाबाईनं मंडळात काढलं. त्याच आठवड्यात चीननं अणुबॉम्ब उडवला. विमलताईंना, खरं सांगायचं तर, भीतीच्या आधी आनंद झाला.

शनिवारी त्या बायांपुढं सूप घेऊन बसल्या. त्यात मोजून हजार दाणे तुरीचे.

"देश बॉम्ब कसा करतो, ऐका. खाणीतून युरेनियम काढतो. पण त्यातलं कामाचं हजारात सातच. रूप तेच, फक्त वजनाला अंमळ हलकं. तेवढं वेगळं करायला अवाढव्य कारखाने लागतात, शेकडो शिकलेली माणसं, वर्षांमागून वर्षं. म्हणून मूठभर देशांनाच जमलं."

शास्त्राशी इमान राखायचं म्हणून त्यांनी सात दाणे आतून किडीनं पोखरलेले घातले होते. मग भरात येऊन, कोणी विचारलं नसताना, बोलून गेल्या, "यातले सात कोणी काढून दाखवा. पेपर बंद करते."

तांड्यावरची धनीबाई पुढं सरकली. आसपासच्या खळ्यांवर पाखडायला तिलाच बोलावत. तिनं सूप दोनदा झटकलं, तिरपं धरून थोपटलं. सातही दाणे काठाशी येऊन बसले.

"ताई, मंग आमी रोज काय करतो?"

"कारखाना सापडला वो," तानाबाई म्हणाली. "दिल्लीले कळवा."

सगळ्या हसल्या. विमलताई सर्वांत शेवटी. जन्म पाखडण्यात गेला, पण पेपर हाती आला की आपण कधी सूप धरलं होतं हेच त्या विसरायच्या.

"पन मले एक सांगा," धनीबाई दाणे तळव्यावर घेत म्हणाली. "आमी हे कोंबड्याईले टाकतो अन् बाकीचं शिजवतो. थे लोक हे सात ठेवतात. मंग बाकीच्याचं काय करतात?"

विमलताईंची पेपरातली भाषा गळून पडली. "मले नाही माहीत."

"पेपरात नाही आलं?"

"अजून नाही."

"मंग येईपर्यंत राहू द्या पेपर."

"पन मी बंद करते म्हटलं होतं."

"तुमी तं लई काही म्हनता, ताई."