बिनसाखरेचं पुडिंग

वनमालाबाईंच्या हाताला गोडाची चव आहे, हे दौलतगंजातल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक होतं. बारसं असो की कुणाची साठी, चॉकलेट आणि केळ्याच्या पुडिंगचा मोठा काचेचा वाडगा त्यांच्याकडूनच जायचा. खाली लोण्यात भिजलेल्या बिस्किटांचा चुरा, त्यावर चॉकलेटचा दाट थर, त्यावर केळ्याच्या चकत्या, मग साय फेटून केलेला पांढरा थर, आणि पुन्हा चॉकलेट. पंगतीत श्रीखंड उरायचं, पण हा वाडगा लोक चमच्याने खरवडून रिकामा करायचे. त्यात सगळ्यात पुढे त्यांचे स्वतःचे यजमान, मुकुंदराव. नगर निगमातून दमून आले की पायातले बूट काढायच्या आधी फ्रिज उघडून बघायचे.

मग मुकुंदरावांना मधुमेह निघाला आणि वनमालाबाईंनी एका दिवसात सगळं बंद केलं. बाहेरचे लोक मागायला आले तर त्या सरळ सांगायच्या, "आता होत नाही हो माझ्याने." होत नव्हतं असं काही नव्हतं. पण घरात चॉकलेट आटवायचं आणि नवऱ्याने समोर बसून कारल्याची भाजी खायची, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. अशी कितीतरी वर्षं गेली. काचेचा वाडगा माळ्यावर गेला.

या हिवाळ्यात इंदूरहून त्यांची मुलगी अश्लेषा आठवडाभर राहायला आली होती. वडिलांना पाहून तिचा चेहराच पडला. मुकुंदराव फार वाळले होते. जेवणावर वासना नव्हती. दोन घास खाऊन ताट सारायचे आणि म्हणायचे, "पोट भरलं."

"आई, बाबा कुछ खाते ही नहीं," अश्लेषा स्वयंपाकघरात येऊन म्हणाली. "तू त्यांच्यासाठी ते पुडिंग कर ना. साखर काढून टाक, साय काढून टाक. आजकल सब लोग हलकंच करतात."

"साखरेशिवाय पुडिंग? त्यात राहिलं काय मग?"

"खजूर घाल. सायीऐवजी चक्का घाल. केळी चांगली पिकलेली घेतलीस तर अलग से मिठास लागतच नाही."

अश्लेषा परत गेली, पण तिचं बोलणं वनमालाबाईंच्या डोक्यात घर करून बसलं. दुसऱ्याच दिवशी त्या नया बाजारात गेल्या आणि सालीवर काळे ठिपके पडलेली, वासानेच गोड वाटणारी केळी घेऊन आल्या. साय काढलेल्या दुधात कोको आणि थोडं कॉर्नफ्लोअर कालवून त्यांनी ते मंद आचेवर ठेवलं. बिया काढलेला खजूर भिजवून वाटून त्यात घातला. पहिल्या खेपेला गुठळ्या झाल्या. दुसऱ्या खेपेला चक्का आंबट लागला. तिसऱ्या खेपेला त्यांनी चक्क्यातच एक केळं कुस्करून फेटलं, आणि आंबटपणा असा मोडला की त्या स्वतःशीच हसल्या. कोको थोडा वाढवला. बिस्किटांचा थर पातळ केला आणि त्याची भरपाई केळ्याच्या चकत्यांनी केली. आता मोठ्या वाडग्याऐवजी छोट्या काचेच्या पेल्यांत थर लावायचे, म्हणजे बाहेरून तपकिरी, पिवळा, पांढरा असे तिन्ही रंग दिसत.

प्रत्येक खेपेचा पहिला पेला मुकुंदरावांचा.

पहिल्या दिवशी त्यांनी पेला हातात घेतला, पण चमचा उचलला नाही.

"अहो, खा ना. साखरेचा कण नाही त्यात."

"केळं आहे का?"

"केळ्याशिवाय कसं होईल? आणि खजूर आहे, दूध आहे, सगळं पौष्टिक आहे. तुमच्या अंगाला लागेल."

मुकुंदरावांनी चमचा भरला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. वनमालाबाईंना वाटलं, इतक्या वर्षांनी ती चव लागली म्हणून माणसाचं मन भरून आलं. त्यांचेही डोळे ओलावले. "कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यासारखं," मुकुंदराव म्हणाले. "तू गात होतीस आत. ऐकलं मी."

त्या खरंच गुणगुणत होत्या, त्यांना स्वतःला ते कळलं नव्हतं.

त्यानंतर रोज दुपारी एक पेला ठरून गेला. मुकुंदराव कधी म्हणायचे, "आज राहू दे, उद्या खाईन." वनमालाबाईंचा चेहरा उतरलेला दिसला की म्हणायचे, "बरं, आण." त्यांचे पाय संध्याकाळी सुजायचे. विचारलं तर म्हणायचे, बूट घट्ट झालेत. पुडिंग सुरू व्हायच्या थोडं आधी ते शेजारच्या संभाजीरावांच्या स्कूटरवर बसून डॉक्टरांकडे गेले होते. "काय म्हणाले?" या प्रश्नाला "काही नाही, वय झालं म्हणाले" एवढंच उत्तर मिळालं होतं. वनमालाबाईंनी पुढे खोदून विचारलं नाही. आजाराबद्दल मुकुंदराव कधीच बोलत नसत, ही सवय त्यांच्या अंगवळणी पडली होती.

पुडिंगची बातमी फिरायला वेळ लागला नाही. महिला मंडळाच्या सरोजिनीताईंनी एक पेला चाखला आणि हट्टच धरला. "वनमालाताई, आपल्या हळदीकुंकवाला हेच हवं. निम्म्या बायकांना शुगर आहे. बिचाऱ्या नुसता चहा पिऊन उठतात."

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळपासून जेवणाच्या टेबलावर पेल्यांच्या रांगा लागल्या होत्या. वनमालाबाई शेवटच्या थरावर कोको भुरभुरवत होत्या. बाथरूमकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला. धावत जाऊन पाहतात तो मुकुंदराव दाराशी बसलेले, एका हाताने चौकट धरलेली.

"पाय उचलत नाहीत," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता आणि त्याचीच वनमालाबाईंना भीती वाटली. "ताकदच नाहीये गं पायात."

त्यांनी खिडकीतून हाक मारली तसे संभाजीराव आले. दोघांनी मिळून त्यांना ऑटोत बसवलं. फूलबागेपाशी गर्दीत ऑटो अडकला, तेव्हा मुकुंदरावांची मान वनमालाबाईंच्या खांद्यावर कलंडली. त्यांनी मनगट चाचपलं. नाडी लागत होती, पण इतकी सावकाश, की प्रत्येक ठोक्यानंतर पुढचा येतो की नाही असं वाटावं.

इस्पितळात त्यांना आत नेलं, छातीला तारा लावल्या, हातात सुया टोचल्या. थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर बाहेर आले.

"माताजी, घर पे क्या खा रहे थे ये?"

"कुछ गड़बड़ नहीं, डॉक्टर साहब," वनमालाबाई घाईने म्हणाल्या. "शक्कर बिलकुल बंद. केला देती थी, खजूर, दूध, दही. और थोड़ा चॉकलेट, वो भी बिना शक्कर का."

"रोज़?"

"रोज़."

"इनकी किडनी बहुत खराब है, माताजी. खून में पोटैशियम इतना बढ़ गया है कि दिल रुक सकता था. ये सब चीज़ें तो इनको ज़हर हैं. केला, खजूर, चॉकलेट, सब मना किया गया होगा. आपको बताया नहीं किसी ने?"

डॉक्टर आत गेले. वनमालाबाईंनी वळून पाहिलं. संभाजीराव भिंतीला टेकून उभे होते आणि नजर जमिनीकडे होती.

"तुम्हाला माहीत होतं."

"वहिनी, मला शपथ घातली होती त्यांनी. म्हणाले, मी स्वतः सांगतो, तू मध्ये पडू नकोस. मला काय माहीत तुम्ही त्यांना रोज..." ते थांबले. "मला वाटलं, त्यांनी सांगितलं असेल."

वनमालाबाई बाकावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांचं स्वतःचं स्वयंपाकघर आलं. साखर काढली आणि खजूर घातला. साय काढली आणि चक्का घातला. बिस्किटं कमी केली आणि केळी वाढवली. जे जे हलकं म्हणून केलं, ते ते त्यांनी नवऱ्याच्या अंगात विष म्हणून भरलं होतं. जुन्या पुडिंगमधल्या साखरेने नि सायीने सुद्धा त्यांना इतकं झटपट लोळवलं नसतं.

पर्समधला फोन सारखा वाजत होता. घराची किल्ली मोलकरणीकडे होती. सरोजिनीताईंनी पेले नेले होते आणि हळदीकुंकू पार पडलं होतं. मंडळाच्या ग्रुपवर एकामागून एक कौतुक येत होतं. 'वनमालाताई, कमाल!' 'रेसिपी हवी!' त्यांनी फोन बंद केला.

मुकुंदराव वाचले. त्यांचं रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यावं लागलं, आणि ते आता कायमचं मागे लागणार होतं. अश्लेषा रात्रीच्या गाडीने आली आणि आईच्या गळ्यात पडून रडली, "मैंने ही बोला था, आई, मैंने ही..." वनमालाबाईंनी तिला थोपटलं, पण स्वतः रडल्या नाहीत. घरी जाऊन त्यांनी टोपलीतली उरलेली केळी, खजुराची बरणी, कोकोचा डबा सगळं पिशवीत भरून बाहेर ठेवलं. मग ओटा घासायला घेतला, आणि स्वच्छ झाल्यावरही घासत राहिल्या.

मुकुंदरावांना साध्या खोलीत आणलं त्या दुपारी अश्लेषा औषधं आणायला गेली होती. दोघंच होती.

"बोल काहीतरी," मुकुंदराव म्हणाले.

"काय बोलू? तुम्ही बोलायचं होतं."

"दादाच्या वेळचं आठवतं ना तुला?" मोठे दीर, रघुनाथराव, याच आजाराने गेले होते. त्यांची सारी उस्तवार वनमालाबाईंनी केली होती. "तेव्हा तू कशी झाली होतीस, ते पाहिलंय मी. घरात हसणं बंद झालं होतं. डॉक्टरांनी मला सांगितलं आणि पहिला विचार तोच आला. पुन्हा हिच्या नशिबी हेच. म्हटलं, आज सांगू, उद्या सांगू. तेवढ्यात तू पेला घेऊन आलीस. इतक्या वर्षांनी गात होतीस. नाही म्हणवेना. वाटलं, थोडंसंच तर आहे."

"म्हणून माझ्या हातून विष घेतलंत?" वनमालाबाई म्हणाल्या. "तुम्ही गेला असतात म्हणजे? जन्मभर मी काय समजून जगले असते? मी माझ्या हाताने..."

मुकुंदरावांचा चेहरा बदलला. एवढा विचार त्यांनी केलाच नव्हता, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं," ते म्हणाले.

"नाही आलं. तुम्हाला वाटलं, मला जपताय."

त्या उठल्या आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाईट वाटत होतं, भीती वाटत होती, पण त्या सगळ्याहून मोठा राग होता. त्या माणसावरचा राग, जो आत सुया टोचलेला पडला होता आणि ज्याच्यावर ओरडताही येत नव्हतं.

हा राग घरी आल्यावरही गेला नाही. त्या वेळेवर औषधं देत, भाज्या दोनदा पाण्यात उकळून पाणी फेकून देत, मीठ मोजून घालत, पण कामापुरतंच बोलत. सरोजिनीताई पुढच्या कार्यक्रमाचं विचारायला आल्या, तेव्हा त्यांनी दारातूनच नाही सांगितलं. मुकुंदराव खुर्चीत बसून हे सगळं पाहत. एकदा ते म्हणाले, "किती दिवस अशी राहणार?" त्या म्हणाल्या, "मलाही माहीत नाही."

महिन्याने पुन्हा डॉक्टरांकडे जायचं होतं. संभाजीरावांनी स्कूटर काढली तर वनमालाबाई म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या, भाऊजी. मी जाते." ऑटोत दोघं शेजारी बसली. नाव पुकारलं तसे मुकुंदराव सवयीने एकटेच उठले आणि मागे वळून थांबले. वनमालाबाई त्यांच्याबरोबर आत गेल्या आणि दुसरी खुर्ची ओढून बसल्या.

"कैसे हैं, साहब?" डॉक्टरांनी विचारलं.

"बढ़िया, एकदम बढ़ि..." मुकुंदरावांनी बायकोकडे पाहिलं. त्या त्यांच्याकडेच बघत होत्या. "नहीं, डॉक्टर साहब. बढ़िया नहीं. नींद नहीं आती. मशीन पे बैठता हूँ तो पैर में गोले आते हैं. और डर लगता है."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून तो शब्द वनमालाबाईंनी कधी ऐकला नव्हता. आतल्या रागाची गाठ सुटली नाही, पण थोडी सैल झाली. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"आगे क्या होगा, डॉक्टर साहब?" त्यांनी विचारलं. "जो भी है, दोनों को एक साथ बताइए."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली. ऐकण्यासारखं त्यात फारसं चांगलं नव्हतं. दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.