शुभ्रबाबांचं सत्यचूर्ण

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर वीसेक माणसं आ वासून बसली होती. शुभ्रबाबांचे शिष्य त्यांच्या ओठांमागे कापूस कोंबत, दातांवर सत्यचूर्ण चोळत आणि पंख्याचा झोत सोडत. पंधरा मिनिटं तोंड मिटायचं नाही.

"दातावरचा डाग म्हणजे घरातलं पाप," बाबा माइकवरून सांगत होते. "कबूल केलंत की दात उजळतो. पुन्हा काळवंडला, तर अजून काहीतरी पोटात आहे."

उजळला तर बाबांचा प्रताप, काळवंडला तर तुमचं पाप. धंदा मोठा सोयीचा.

पहिल्या रांगेत शिंपीणबाई अंग चोरून बसल्या होत्या. वर व्यासपीठावर त्यांची लेक होती. तिच्या दातांवर लहानपणापासून राखाडी पट्टे. "आईचं पाप," बाबांनी गेल्या खेपेला निदान केलं होतं, आणि तेव्हापासून लेक आईशी धड बोलत नव्हती. बाईंनी आठ दिवस डोकं खाजवलं. गिऱ्हाइकांना "उद्या नक्की देते" म्हणण्यापलीकडे पाप काही सापडेना.

कापूस निघाला. लेकीचे दात खरंच पांढुरके दिसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. लेक घोटभर पाणी प्यायली, आणि हां हां म्हणता पट्टे परत आले.

"आईनं लपवलंय," म्हणत बाबांनी माइक बाईंपुढे धरला. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघू लागलं. बाई मात्र दातांकडे बघत होत्या. ओल्या कापडाशी दोऱ्याचा रंग कधी जुळवायचा नाही, हे त्यांना तीस वर्षं माहीत होतं. ओलं असतं तोवर कापड गडद, वाळलं की फिकं.

"बाबा, चूर्ण न लावता नुसता कापूस आणि पंखा लावून बघू या का?"

"श्रद्धा नाही तुमची."

"नसेल. कापूस द्या."

लोकांनाही बघायचं होतं, त्यामुळे बाबांचं काही चाललं नाही. पंधरा मिनिटांनी लेकीचे बिनचूर्णाचे दात तसेच पांढुरके झाले. "आता जीभ फिरवून दात ओले कर," बाई म्हणाल्या. पट्टे पुन्हा हजर. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. बाबांना एकाएकी पुढच्या गावची सभा आठवली.

दुसऱ्या दिवशी मायलेकी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

"हिला लहानपणी मोठं दुखणं झालं होतं?"

"चार वर्षांची असताना दाढेत पू होऊन ताप चढला होता. महिनाभर औषध चालू होतं."

"एक प्रकारचं अँटिबायोटिक हिरडीच्या आत तयार होणाऱ्या दातांत उतरतं. त्याचे हे पट्टे. दात आतून रंगलेत, घासून जायचे नाहीत. चूर्णानं वरचं कवच तेवढं झिजेल. दात उजळायची जेल देते. काही महिने लागतील, बरेच फिके होतील, पण दुधासारखे होणार नाहीत."

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?"

"तुम्ही लेकीवर वेळेत उपचार केलेत."

लेकीनं आईचा हात धरला. "मी पण त्या बाबाचंच खरं मानलं गं," ती म्हणाली. बाई मग रडल्या, आठ दिवसांचं सगळं रडल्या.

वाचकहो, डाग दिसला तर त्याचं कारण शोधा. आणि कुणी डाग दाखवून तुमच्या आईचं पाप विचारायला लागला, तर त्याच्या हातातला माइक आधी काढून घ्या.