भवानीचा फोन

मित्रांनो, मी एक जुना पितळी सोऱ्या आहे. चकल्या पाडणारा. सध्या बेकार आहे. गरम तेलाचा वास नाकाशी येऊन किती दिवस झाले, ते विचारू नका. जीव कासावीस होतो.

माझा जन्म कसबा पेठेतल्या तांबट आळीतला. आनंदीकाकू घ्यायला आल्या तेव्हा दुकानदाराने त्यांना हलका स्टीलचा सोऱ्याही दाखवला होता. त्या म्हणाल्या, "नको, हाच द्या. हाताला वजन लागलं पाहिजे." तेव्हापासून मी त्यांचा झालो आणि कर्वेनगरला राहायला आलो. पीठ भरण्याआधी त्या माझ्या आतून तेलाचं बोट फिरवायच्या, दांडा दाबताना काहीतरी गुणगुणायच्या. शेजारणींनी चकल्या वाखाणल्या, मग काकू घरूनच फराळाच्या ऑर्डरी घेऊ लागल्या. मोबाईल डब्याला टेकवायचा आणि कामाला लागायचं. लोक म्हणत, "चकली काकूंचीच हवी." खोटं कशाला बोलू, मी जरा फुगायचोच.

काकूंचे यजमान दीनानाथराव निवृत्त कारकून. माणूस भला, पण जीभ तिखट. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ फोनवर फसले, तेव्हा हे चहा घेता घेता म्हणाले, "पैसे आत्ता गेले. अक्कल केव्हाच गेली होती." काकू हसल्या. मीही हसलो.

मग दिवाळी तोंडावर आली. एका सकाळी दीनानाथराव फिरायला गेले होते, काकू पीठ मळत होत्या आणि फोन वाजला. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. भवानीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं की अख्खा दिवस वाया जातो, हे काकूंच्या मनात पक्कं बसलेलं.

"ताई, ऑफिससाठी मोठी ऑर्डर आहे," पलीकडचा माणूस अगदी आदबीने बोलत होता. "आगाऊ रक्कम आत्ताच देतो. मी कोड पाठवलाय, तो उघडून आपला पिन टाका. पैसे जमा होतील."

"पिन कशाला?" काकूंनी विचारलं.

"ऑफिसचा नियम आहे, ताई. नको असेल तर दुसरीकडे बघतो."

भवानीचं गिऱ्हाईक परत चाललं, एवढंच काकूंना ऐकू आलं. त्यांनी पिठाच्या बोटांनी पिन टाकला. फराळाची सगळी कमाई खात्यातून गेली. उलट फोन केला, तर बंद. मला ओरडायचं होतं हो. पण सोऱ्याला तोंड असतं, वाचा नसते.

दीनानाथराव आले तेव्हा काकू म्हणाल्या, "मनगट दुखतंय. आता ऑर्डरी बंद." मला धुऊन पुसून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवलं. दिवाळी आली नि गेली. खाली कढई वाजली की वाटायचं, आता बोलावतील. कोणी बोलावलं नाही.

परवा त्यांची लेक स्वराली मांजरी गावाहून आली. माळ्यावर मला सगळं ऐकू येत होतं. आईचा मोबाईल बघता बघता तिला तो व्यवहार दिसला. काकूंना सगळं सांगावंच लागलं.

"अगं आई, पैसे घ्यायला पिन लागतच नाही. द्यायलाच लागतो. तेव्हाच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला असतास, तर कदाचित पैसे अडवता आले असते. निदान बाबांना तरी सांगायचंस."

"ते हसले असते," काकू म्हणाल्या.

दीनानाथराव दारातच उभे होते, सगळं ऐकत. 

आज सकाळी माळ्याचं दार उघडलं. मला वाटलं, काकू. बघतो तर दीनानाथराव स्टुलावर चढलेले. त्यांनी मला खाली काढलं, चिंच लावून घासलं, ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "भाजणीला काय काय लागतं ते सांग. घेऊन येतो."

काकू भाजी निवडत होत्या.  मान वर न करताच म्हणाल्या, "तांदूळ जुना आणा. नव्याच्या चकल्या मऊ पडतात."

ते पिशवी घेऊन गेलेत. मी ओट्यावर वाट बघतोय. तोवर, मित्रांनो, माझं एवढं ऐका. पैसे येणार असतील तर पिन टाकू नका, मग समोरचा कितीही गोड बोलो. आणि घरचं कोणी फसलं, तर त्याला हसू नका. हसतील म्हणून माणूस गप्प बसतो, आणि चोराला तेवढाच वेळ पुरतो.