मानेखालचा आजोबा

दरसाल आत्या नदीकाठच्या साहेबाच्या पुतळ्याला आंघोळ घालायची, पण मानेपर्यंतच. डोक्यावर कबुतरांनी काय वाट्टेल ते केलेलं असो, ती तिकडे ढुंकूनही बघायची नाही.

साहेबानं पूल बांधला, पुलावर टोल बसवला आणि टोल भरावा म्हणून खालच्या नावा बंद पाडल्या. ओरडेल त्याला कोठडी. असल्या माणसाचा पुतळा हवा म्हणून त्याचे पायचाटे वर्गणी मागत हिंडले. ती पुरली डोक्यापुरती. परदेशातून पांढरं डोकं आलं. धड इथल्याच काळ्या दगडाचं. त्या धडासाठी साहेबाचा कोट चढवून कारागिरापुढे उभा राहिला कोण, तर नाव बंद पडलेला नावाडी, आत्याचा आजोबा. दोन वेळच्या जेवणावर! पुतळ्याची करंगळी वाकडी आहे. तशीच आत्याची, तशीच तिच्या पुतण्याची.

आज पुतळा हलवायचा हुकूम निघाला होता. पुतण्या दाढीकटिंगचं दुकान बंद करून बादल्या घेऊन आला. एकीकडे ‘पाडा’वाले, दुसरीकडे ‘राखा’वाले, मधे क्रेन. आत्या खुशाल आजोबाचं पोट घासत होती.

“साहेबाची मोलकरीण!” पाडावाल्यांचा पुढारी ओरडला.

राखावाल्यांनी लगेच आत्याच्या गळ्यात हार घातला. “ताई, इतिहास जपणारं एक तरी माणूस निघालं!”

आत्यानं हार काढून बादलीत बुडवला आणि त्यानंच आजोबाचे बूट पुसले.

“आत्या, तू नक्की कुणाच्या बाजूची?” पुतण्या कुजबुजला. दोन्हीकडची माणसं त्याची गिऱ्हाइकं होती.

“मानेखालच्या. गप पाणी ओत.”

क्रेनवाला पुतळ्याच्या कमरेला दोर बांधायला लागला, तशी आत्या कडाडली, “कमरेला हात लावशील तर बघ! गळ्याला बांध.”

पाडावाल्यांनी टाळ्या पिटल्या. बाई आपल्यात आली! राखावाल्यांनी हार परत मागितला.

क्रेननं हिसका दिला. जुना सांधा करकरला, पांढरं डोकं उपटून आलं, दोरातून निसटलं आणि काठच्या चिखलात नाक खुपसून बसलं. राखावाले रडत तिकडे धावले. आत्या चौथऱ्यावर फतकल मारून बसली.

नगरपालिकेचा इंजिनिअर घाम पुसत आला. “बाई, उठा. उरलेला न्यायचाय.”

“कुणाच्या पुतळ्याचा हुकूम निघालाय?”

“साहेबाच्या पुतळ्याचा.”

“साहेब गेला की चिखलात. हा माझा आजोबा.” तिनं वाकडी करंगळी दगडाच्या करंगळीला टेकवली. “ये रे, तुझीही दाखव.”

पुतण्यानं लाजत दाखवली. इंजिनिअरनं तिन्ही करंगळ्या बघितल्या, मग क्रेनवाल्याकडे बघितलं. क्रेनवाला डबा उघडून बसला होता.

“राहू दे. पुतळा हलवला असं कळवतो,” इंजिनिअर म्हणाला.

आत्यानं आजोबाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. पुतण्याला वाटलं, झालं एकदाचं. तेवढ्यात पाडावाल्यांचा पुढारी जवळ आला. रिकाम्या मानेकडे मान वाकडी करून बघत राहिला.

“ताई, इथं आमच्या पक्षाच्या साहेबांचं डोकं काय शोभेल हो!”

आत्या वळली. “क्रेनवाल्या, दोर इथंच ठेवून जा रे बाबा. परत लागणारेय.”