गंधालीबाईंचा जाहीर सत्कार

आमच्या मुलुंडच्या शाळेत गणिताचे शिक्षक टिकत नाहीत. एक बँकेत लागला, एक लग्न करून नाशिकला गेली, आणि एक तर मधल्या सुट्टीत चहा प्यायला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. त्यामुळे गंधाली टिकली तेव्हा मला, मुख्याध्यापिकेला, आधी संशयच आला. एम.एस्सी., बी.एड. झालेली, दहावीच्या पोरांना त्रिकोणमिती हसतखेळत शिकवणारी ही मुलगी आमच्याकडे करतेय काय?

वाट बघत होती बिचारी. संस्था तिला दर एप्रिलमध्ये निरोप द्यायची आणि जूनमध्ये नव्याने नेमायची. सलग नोकरी झाली तर उद्या हक्क सांगेल, ही भीती. यंदा दिवाळीनंतर मात्र तिने स्पष्ट सांगितलं, "बाई, मला कायम करा, नाहीतर मी दुसरं बघते. घरचे आता ऐकत नाहीत."

दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. मी तडक आमच्या अध्यक्षांकडे, श्यामसुंदरकाकांकडे गेले. काका शिक्षणमहर्षी आहेत, असं त्यांच्या लेटरहेडवर छापलंय.

"पद रिकामं आहे काका. फक्त ठराव करायचाय."

"कायम केलं की माणूस सुस्तावतो हो बाई. तिला आपुलकी हवीय. आपण जाहीर सत्कार करू. शाल, श्रीफळ, मानपत्र. बघा कशी चिकटून राहते!"

"तिला ऑर्डर हवीय. नारळ आपण एप्रिलमध्ये देतोच."

"तुम्हाला विनोद फार सुचतात," काका म्हणाले.

आता सत्काराचा खर्च संस्थेने करायचा म्हणजे पापच. काकांनी प्रायोजक गाठला: रस्त्यापलीकडच्या कोचिंग क्लासचे मुकुल सर. बदल्यात शाळेच्या फाटकावर त्यांचा बॅनर आणि प्रमुख पाहुण्याची खुर्ची. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देताय, असं मी म्हणून पाहिलं. काकांनी मला मोठं मन करायला सांगितलं.

बॅनरवर मुकुल सरांचा चेहरा परातीएवढा, काकांचा ताटलीएवढा आणि सत्कारमूर्तीचा कोपऱ्यात, शोधणाऱ्याला सापडेल इतका.

सत्काराच्या दिवशी काकांना भाषणाचा जोर चढला. "हिच्या हाताखाली गणितात एक पोर नापास झालेलं नाही! अशी बाई सगळ्या मुलुंडात सापडायची नाही!" मुकुल सर मान डोलावत ऐकत होते. दुसऱ्याच्या माणसाची शिफारस खुद्द मालक माइकवरून करतोय, असं भाग्य क्लासवाल्यांना रोज लाभत नाही. शाल पांघरताना ते तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी गंधाली राजीनामा घेऊन माझ्यासमोर उभी. "मुकुल सर लेखी करार देतायत बाई. एप्रिलमध्ये घरी पाठवणार नाहीत. मी काय करू?"

मी काय सांगणार? तिच्या जागी मी असते तर शाल अंगावर असतानाच गेले असते. तिचा मला राग आला नाही. ज्यांचा आला त्यांच्यासाठी मला दुपारचा चहा मागवायचा होता.

दारात दहावीतली ऋतिका उभी होती. हिची आई चार घरी भांडी घासते. पोरीला डिप्लोमाला जायचंय, आणि सगळी भिस्त गणितावर. "बाई, मग आम्हाला गणित कोण शिकवणार?" तिने गंधालीला विचारलं. "तो क्लास आम्हाला नाही परवडत."

गंधाली रडायला लागली आणि तशीच बाहेर गेली. रडू मलाही आलं, पण तेवढ्यात काका आले.

"एवढा सत्कार केला, आणि ही निष्ठा!" ते खुर्चीत आदळले. दोन मिनिटं नव्या पिढीला झोडपून झाल्यावर त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बाई, आमचा नातू अनय दहावीला आहे. इंग्लिश मीडियमला. गणितात जरा कच्चा. गंधालीच्या बॅचला तेवढी जागा मिळते का बघा ना. तुमचा शब्द मोडायची नाही ती."

माझं डोकं सणकलं. मी ऋतिकाला आत बोलावलं. "काका, ही आपल्या दहावीतली. हिला गणित कोण शिकवणार, ते आधी हिला सांगा. मग मी अनयसाठी शब्द टाकते."

काका उठले. ऋतिकाच्या डोक्यावर त्यांनी प्रेमाने हात ठेवला. "खूप अभ्यास कर हं बाळ," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "सकाळची बॅच मिळाली तर बरं होईल."